पोळ्यांच्या डब्याएवढा कॉम्प्युटर: जुना डेल मायक्रो, दहा महिने वापरून

चिपळूणला बाजारपेठेत तळमजल्यावर माझं ऑफिस. जीएसटी, इन्कम टॅक्स, टॅली, जोडीला मराठी टायपिंग. मी, एक ताई आणि हंगामात एखादा कॉलेजचा मुलगा, एवढाच बारदाना. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा आमचे तिन्ही सीपीयू टेबलाखाली होते. पाणी ओसरल्यावर एकाचं झाकण काढलं तर मदरबोर्ड दिसेचना. गाळ इतका चोपून बसला होता की एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, जाळीतून शेवया निघाव्यात तसा बाहेर आला. मार्चअखेरचा बॅकअप घरी पेन ड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. एप्रिलपासूनच्या नोंदी मात्र लोकांकडून बिलं मागून पुन्हा मारल्या. ज्यांची बिलंच वाहून गेली त्यांच्याकडून काय मागणार?

हे आधी सांगतोय कारण माझा हा अभिप्राय पुराच्या पाण्याच्या रेघेखाली बसून लिहिलाय. रेघ अजून भिंतीवर आहे, पंख्याच्या पात्यांच्या चार बोटं खाली. रंगाऱ्याला ती तेवढी सोडून रंग द्यायला सांगितला.

पुरानंतर घाईघाईत जे जुने टॉवर घेतले होते ते इंटेल प्रोसेसरच्या सहाव्या पिढीचे निघाले. तीन वर्षं त्यांनी रेटली. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर होतं, आणि विंडोज ११ त्यांच्यावर नीट रीतीने चढत नव्हतं. लोकांच्या डीएससी (डिजिटल सह्या) आणि पासवर्ड ज्या मशीनवर आहेत ते उघडं ठेवणं मला पटेना. नवीन छोट्या डेस्कटॉपचं कोटेशन मागवलं, ३८ हजार एकाला, कर वेगळा. मला दोन हवे होते. कोटेशनचा कागद ताईने पाठकोरा म्हणून वापरून टाकला.

मग जुनेच घ्यायचं ठरवून फेब्रुवारीत तुतारी एक्सप्रेसने रात्रीचा निघालो, पहाटे दादर, तिथून ग्रँट रोड. मुंबईत कॉम्प्युटरचा बाजार तिथल्या लॅमिंग्टन रोडवर, पण दुकानं उघडायला अकरा वाजतात, तोवर दोन चहा आणि एक मिसळ झाली. दुकानाचं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल. काउंटरवरचा मुलगा निघाला खेडचा. आधी हिंदीत बोलत होता, मी चिपळूण म्हटल्यावर गाडी मराठीवर आली.

फळीवर एकावर एक रचलेले मिनी, म्हणजे छोटे डेस्कटॉप. डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी, लेनोव्होचे टायनी. बँका आणि मोठ्या कंपन्या तीनचार वर्षांनी गठ्ठ्याने काढून टाकतात तो हा माल. आठ हजारापासून भाव सुरू. मी आठ हजाराच्याला हात लावला तसा पोरगा हळूच म्हणाला, “काका, तो नका घेऊ. सहावी पिढी आहे, अकरा नाय जायचं त्याला. दिसायला सगळे सारखेच.”

खरंच सारखेच दिसतात. फरक स्टिकरवरच्या आकड्यात. आय-फाइव्हच्या पुढे ६५०० असेल तर सहावी पिढी, ८५०० असेल तर आठवी. इंटेलमध्ये विंडोज ११ साठी आठवी किंवा पुढची लागते, सातवीसुद्धा, मोजके अपवाद सोडले तर, चालत नाही. शेवटी ‘टी’ असतो तो कमी वीज खाणारा, ३५ वॅटचा प्रोसेसर. मिनीत बहुतेक तोच येतो. स्टिकर मात्र कोणीही चिकटवू शकतं. म्हणून मशीन चालू करून सिस्टिममध्ये जाऊन नाव वाचलं.

घेतले ते डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, आय-फाइव्ह ८५००टी, सहा कोअर, २५६ जीबीची एसएसडी (डेटा साठवायची डिस्क), ८ जीबी रॅम. एकाला १४,००० अधिक जीएसटी २,५२०, म्हणजे १६,५२०. वर्षाची दुकानाची वॉरंटी. घासाघीस करताना मालक म्हणाला, “बिल नको असेल तर तेरामध्ये बसवतो.” मी माझं कार्ड पुढे केलं. त्यावरचं ‘कर सल्लागार’ वाचून तो हसला आणि पक्कं बिल फाडायला घेतलं. इथे एक बघून ठेवा. जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, कर भरतात, तसं असेल तर तुम्हाला क्रेडिटला, म्हणजे दिलेला कर वळता करून घ्यायला, काही उरत नाही. तुम्ही नोंदणीकृत असाल तर पूर्ण कर लावलेलं बिलच मागा, मग दोन मशीनमागे ५,०४० रुपये परत आल्यासारखे. घसारा जुन्या कॉम्प्युटरलाही ४० टक्केच. मी फेब्रुवारीत घेतले, मार्चअखेरपर्यंत १८० दिवस भरले नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी २०.

दुकानात उभ्या उभ्या आणखी काय पाहिलं? बायोसला, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड नाही ना, हे आधी. एफटू दाबून आत गेलो. कंपनीतून आलेल्या मशीनला कुलूप राहिलेलं असलं तर पुढे फजिती. मग खालचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग मोबाइलवरून डेलच्या साइटवर टाकला, मूळचा मालक कळत नाही पण मशीन मूळ कधीचं आणि त्यात काय काय होतं ते कळतं. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅमने पाहिली. एकाची ९६ टक्के, अकरा हजार तास चाललेली. दुसऱ्यात कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची कोरी करकरीत. मी जुनीवरच जास्त भरवसा ठेवला आणि टॅलीचा डेटा तिच्यावर ठेवला. विंडोजचा परवाना खरा आहे का तेही पाहा: विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘एसएलएमजीआर’, एक स्पेस, मग स्लॅश आणि ‘डीएलआय’ असं इंग्रजीत टाइप केलं की चौकट येते. तिच्यात ओईएम दिसलं तर परवाना मशीनसोबत आलेला. केएमएस, म्हणजे कंपन्यांचा घाऊक परवाना, दिसलं तर दुकानदाराला तिथेच विचारा.

रात्री कोकणकन्येने परत. दोन्ही मशीन खांद्याच्या पिशवीत, उशाला. एकेक सव्वा किलोच्या आतबाहेर. शेजारच्या बर्थवरच्या आजींनी विचारलं, “मिठाई नेताय?”

आकार सांगायचा तर साधारण १८ सेंटिमीटरचा चौकोन आणि जाडी साडेतीन बोटांहून कमीच. आमच्या ताईच्या पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवला तर दोघांत भांडण होईल इतकं साम्य. मागचा एक मोठा स्क्रू हाताने फिरवला की झाकण पुढे सरकतं, पेचकस लागत नाही. आत दोन रॅमच्या खाचा, लॅपटॉपवाली डीडीआर-फोर बसते. एक रिकामी होती. १,५०० ची ८ जीबीची पट्टी मीच बसवली, चष्मा लावून, पाच मिनिटांत.

आता तक्रार. ती मशीनची नाही, दुकानाची.

दोनपैकी एकाबरोबर दिलेला अ‍ॅडॉप्टर डुप्लिकेट होता. बाहेरून लेबल हुबेहूब. पहिला आठवडा ताई म्हणायची, “सर, हा जरा आळशी आहे.” मी म्हटलं नवीन सुनेला वेळ द्यावा. २० तारीख तोंडावर आली, जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे, आणि टॅलीतून एक्सेल काढायला तो इतका वेळ घ्यायला लागला की चहा येऊन थंड झाला. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या वर जाईच ना. दुसऱ्या मशीनवर तोच आकडा तीनच्या वर. मग ताईला विचारलं, चालू करताना काही येतं का स्क्रीनवर? “हो, रोज येतं ना, इंग्लिशमध्ये. मी एफवन दाबते, मग जातं.” आठ दिवस ती बाई इमानेइतबारे एफवन दाबत होती!

तो संदेश होता, अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही. डेलच्या पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून मशीनला कळतं की अ‍ॅडॉप्टर किती वॅटचा आहे. ते कळलं नाही की मशीन जपून, म्हणजे रांगत चालतं. दुसऱ्याचा अ‍ॅडॉप्टर काढून याला लावला आणि हाही पळायला लागला. निदान झालं.

दुकानात फोन केला. “काका, आमच्याकडे तर चालत होता. कुरिअर करा, बघतो.” कुरिअर केलं. मग फोन उचलणं बंद. शेवटी त्या खेडच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर गाठलं, आणि बाराव्या दिवशी आला एकदाचा, खरा, ६५ वॅटचा. त्या बारा दिवसांत वीस तारीख येऊन गेली. दोघांनी आळीपाळीने एकाच मशीनवर रिटर्न भरले. मी सकाळी सात ते बारा, ताई दुपारी. वर्षाची वॉरंटी म्हणजे काय याचा अर्थ मला तेव्हा कळला: वस्तू बदलून मिळेल, पण तुमची तारीख त्यांच्या वॉरंटीत नाही. दुकानात मशीन चालू करून पाहाल तेव्हा सोबत मिळणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवरच चालवा, काउंटरवरच्या त्यांच्या अ‍ॅडॉप्टरवर नको. मी तिथेच फसलो.

दुसरं दुखणं किरकोळ, पण गंमत आहे म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये एका सोमवारी जीएसटीचं पोर्टल उघडेना. बँकेची साइट उघडेना. नेट चालू, राउटर बंद करून पाहिला, ब्रॉडबँडवाल्याला शिव्या देऊन झाल्या. ताईने कोपऱ्यात बोट दाखवलं: तारीख २०१८ ची. शनिवार-रविवार लाईट नव्हती आणि आतला बटणाएवढा सेल मेलेला. त्या मशीनच्या मते आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली, मग पोर्टल कसं उघडणार? सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे चाळीस रुपये. दोन्ही मशीनचे बदलून टाकले. जुनं मिनी घेतलंत की हा सेल पहिल्याच दिवशी बदला.

जोडणीत थोडा खर्च वाढला. आमचे मॉनिटर जुने, फक्त व्हीजीएवाले. याला मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. साडेतीनशेचे दोन कन्व्हर्टर घ्यावे लागले. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रुंद पिन तर कुठेच बसत नाही, त्याला यूएसबीची केबल आणली आणि ती कधी कधी रुसते. यूएसबी मात्र भरपूर, पुढे दोन, मागे चार. डीएससीचं टोकन पुढे लावता येतं, वाकून टेबलाखाली शिरणं संपलं. वायफाय सगळ्यांत असेलच असं नाही. माझ्या एकात कार्ड आहे, एकात नाही. आम्ही दोन्हींना लॅनची वायर लावली, टॅलीला तीच बरी.

वेगाबद्दल काय लिहू? टॅली, एक्सेल, क्रोमच्या वीसेक टॅब, मध्येच टायपिंग, तक्रार नाही. शेजारच्या फोटोवाल्याने लग्नाचे व्हिडिओ यावर होतील का विचारलं, त्याला नाही म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात दुपारी पंखा ऐकू येतो, पण छताच्या पंख्यापेक्षा कमी. ६०० व्हीएच्या यूपीएसवर दोन्ही मशीन आणि मॉनिटर मिळून वीसेक मिनिटं तग धरतात, टॉवर असताना जेमतेम काम सेव्ह करण्यापुरता वेळ मिळायचा. बायोसमध्ये ‘एसी रिकव्हरी’ नावाची सोय आहे, ती चालू ठेवली की लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. ज्यात टॅलीचा डेटा आहे त्याला ती लावून ठेवली.

विकणाऱ्याने मॉनिटरच्या मागे स्क्रूने लावायची पट्टी फुकट देऊ केली होती. घेतली नाही. “जागा वाचेल काका.” मला जागा वाचवायची नव्हती.

पावसाळ्यात एका रात्री नऊच्या सुमारास ग्रुपवर मेसेज सुरू झाले, वाशिष्ठी नदी वर येतेय, भरतीही आहे. छत्री घेऊन ऑफिसला गेलो. पूर्वी तीन टॉवर पोटमाळ्यावर चढवायचे म्हणजे दोन माणसं, एक शिडी आणि अर्धा तास. आणि ती रेघ पाहिली की पोटमाळाही पुरणार नाही हे दिसायचं. या वेळी एकटाच होतो. प्रत्येक मशीनच्या मागच्या वायरी ओढल्या, दोन्ही मशीन, अ‍ॅडॉप्टर, टोकनांचा डबा बाजाराच्या कापडी पिशवीत टाकले, वर एक टॉवेल. पाच मिनिटं लागली असतील. जिन्याने दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, पिशवी पाहिली आणि म्हणाल्या, “देवाजवळ ठेव, कोरडं आहे तिथे.”

पाणी आलं नाही. सकाळी पिशवी खाली आणली, वायरी लावल्या, साडेदहाला काम सुरू. तारीख बरोबर होती.

पाचपैकी चार तारे देतो. एक तारा त्या बारा दिवसांचा कापला. तिसरा टॉवर अजून कोपऱ्यात आहे, मार्च संपला की त्याच्याही जागी हाच आणणार. दुकान दुसरं, पोरगा मात्र तोच. त्याने आता स्वतःचा गाळा घेतलाय म्हणे.