अंबडचं सीएनसी कोरीवकाम: मशीन भारी आहे, पण फाइल कुणाची ते आधी विचारा

देवघराच्या दाराला सागवानी पॅनेल हवं होतं, साधारण दोन बाय दीड फुटाचं, आणि ते नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या सीएनसी वर्कशॉपमधून करून घेतलं, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलप्रमाणे मशीन लाकूड कोरतं. नाव टाकत नाहीये कारण खाली एक तक्रार पण आहे आणि माणसं मनापासून काम करणारी आहेत.

आधी शहरातल्या बऱ्याच दुकानांत फिरलो, सगळीकडे तेच कॅटलॉग, तोच गणपती, तेच राधाकृष्ण, तोच बालाजी, चेहऱ्यावरचं हसू सुद्धा सेम. कारण सरळ आहे, नेटवर अशा थ्रीडी फाइलींचे गठ्ठे स्वस्तात मिळतात, पेनड्राइव्ह लावायचा, साइज लहानमोठी करायची, राउटर म्हणजे कोरायचं मशीन सुरू. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आणि गंगापूर रोडच्या बंगल्यात एकच मूर्ती लागते आणि मग लोक म्हणतात मशीनने कला मारली. मला हे अजिबात पटत नाही, मशीनला जे दिलं ते तिने इमानदारीत कोरलं, देताना कुणी डोकं चालवलं नाही हा खरा प्रॉब्लेम आहे.

या वर्कशॉपमध्ये पहिलाच प्रश्न आला, "ड्रॉइंग आणलंय का?" तिथेच मन जिंकलं. माझ्या आत्येबहिणीने पेन्सिलने द्राक्षाचा वेल काढून दिला होता, वर घड, खाली एक बुलबुल. मालकाच्या मुलाने ते स्कॅन करून कॉम्प्युटरवर रिलीफ, म्हणजे उठावाचं डिझाइन, बनवायला घेतलं, कुठलं पान वर, कुठलं खाली, घडाला फुगवटा किती, आणि प्रत्येक गोष्ट बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवून विचारली. पान किती वळवायचं यावर दोघांची चांगलीच जुंपली आणि शेवटी बहिणीचं ऐकलं. पैसे खरे या स्टेजचे द्यावेत असं माझं मत आहे.

मग कटिंग. आधी जाड बिटने (मशीनच्या फिरत्या पात्याने) रफिंग, म्हणजे नको असलेलं लाकूड उडवायचं, मग ३ मिमीच्या गोल टोकाच्या बिटने फिनिशिंग, ओळीला ओळ लावून, अगदी जवळजवळ. तासन् तास चालतं हे. जवळून बघितलं तर पानावर बारीक समांतर रेघा दिसतात, कारण टोक गोल आहे आणि दोन ओळींच्या मध्ये थोडं लाकूड उरणारच. आतले कोपरे पण बिटच्या गोलाईपेक्षा धारदार होत नाहीत. आणि सागाच्या तंतूंची रेषा जिथे फिरते तिथे बिट उलटं गेलं की तंतू उपटतात, माझ्या एका पानाची शीर तशीच फाटली होती.

इथे काका आले. तिथले जुने सुतार, त्यांनी गोल पटाशी घेतली आणि फाटलेल्या शिरेच्या बाजूने रेषेच्या दिशेने दोन हलके काप मारले, शीर पुन्हा स्वच्छ. मग पानाची कड खालून पोखरली, इतकी की कडेखाली सावली पडायला लागली आणि पान पाटीवरून उठल्यासारखं दिसायला लागलं. मी विचारलं, काका हे मशीनला का नाही जमलं? म्हणाले, "ती वरून बघते, आपण तिरपं बघतो." अगदी बरोबर आहे, तीन अक्षांचा राउटर फक्त वरून खाली उतरतो, कडेच्या पोटात शिरायला त्याला वाटच नाही.

कोपऱ्यात एक सेकंडहँड रोबोटचा हात पण ठेवलाय, गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंगला असतो तसला, सहा सांध्यांचा. त्याच्या टोकाला स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बसवून थर्माकोल आणि मऊ लाकडात मोठ्या मूर्तींचे साचे कापतात. तो तिरपा वळतो त्यामुळे कडेखाली जाऊ शकतो, पण राउटरइतका घट्ट नसतो, कडक लाकडात थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. इटलीत करारा नावाच्या गावी संगमरवर कोरायला असेच हात वापरतात, दगडाचं बहुतेक काम तेच करतात आणि शेवटचा हात तिथेही कारागिराचाच फिरतो. आपल्याकडे अंबड-सातपूरला मशीन चालवणारी इतकी पोरं आहेत, जुन्या नाशकातल्या वाड्यांचे कोरीव खांब बघत मोठी झालेली, त्यांनी हे शिकलं तर काय काय होईल या विचाराने मला खरंच भारी वाटतं.

मशीन आणि कला हे भांडण नवीन नाहीच. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, जर्मनीची यंत्रं, एका चित्राला रंगागणिक छपाईचा वेगळा दगड, आणि त्यातून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर आल्या. ज्या घरात ऑइल पेंटिंग कधीच परवडलं नसतं तिथे पण. छापील म्हणून नाकं मुरडणारे आहेत, पण मूळ चित्र काढताना एका माणसाने जीव ओतला होता आणि दगडावर रंग वेगवेगळे उतरवणारे पण कसबीच होते. माझ्यासाठी कसोटी तीच, मागे कुणी बसून विचार केलाय का.

आता तक्रार. दिलेली तारीख चांगलीच हुकली, फोन केला की "लाइट नव्हती" नाहीतर "बिट तुटलं". धुळीची व्यवस्था यथातथाच आहे, काका रुमाल बांधून काम करतात, मालकांनी चांगले मास्क आणि सक्शन बसवायलाच पाहिजे, हे मी त्यांना तोंडावर सांगून आलोय. आणि बिलावर मशीनचे तास लिहिले होते पण काकांच्या कामाची वेगळी ओळच नाही, "फिनिशिंग" मध्ये सगळं गुंडाळलं. हे मला लागलं. बदलून मागितलं तर लगेच बदलून दिलं, ते मात्र छान केलं.

लाकूड धरून २२,००० पडले. रेडिमेड फाइलचं पॅनेल याच्या निम्म्यात मिळतं, मला फरक वसूल वाटतो.

जाणार असाल तर गणपतीच्या आधीचे महिने टाळा, साच्यांच्या कामात कुणालाच वेळ नसतो. लाकूड नीट वाळलेलं आहे ना ते बघून घ्या, ओलं असलं तर कोरल्यावर पॅनेल वाकतं. मेलामाईनचा चकचकीत थर नको म्हणा, त्यात बारीक काम बुजतं, लाख पॉलिश करून घ्या. आणि तुमच्या ड्रॉइंगची फाइल दुसऱ्या कुणाला कापून देणार नाही हे आधीच बोलून घ्या, आम्ही बोललो आणि त्यांनी फाइल आमच्या हातात दिली.