कोचीत एकच चर्च पाह्याचं असन तं कोणतं?

माहा मामेभाऊ सोयाबीन निघालं की घरच्यायले घेऊन केरळले चालला अन् फोर्ट कोचीसाठी त्याच्याजवळ एकच दुपार आहे. फोनवर म्हणे, भाऊ तिथं पावलोपावली चर्च आहे म्हणतात, नेमकं कोणतं पाहू? मागच्या वर्षी मी आईले घेऊन गेलो होतो, बल्लारशावरून केरला एक्सप्रेसनं, म्हणून त्याले जे सांगितलं तेच इथं लिहून राहिलो, आणखी कोणाच्या कामी पडलं तं बरंच.

नाव मोठं सेंट फ्रान्सिसचं. पोर्तुगीजायनं 1503 मध्ये आधी लाकडाचं उभं केलं, मग 1516 पर्यंत पक्कं बांधलं, युरोपियन लोकायनं भारतात बांधलेल्या सगळ्यात जुन्या चर्चमध्ये याची गणती होते. शाळेत आपण 1498, वास्को द गामा, कालिकत असं घोकलं होतं ना, तो बाबा तिसऱ्यांदा आला तेव्हा 1524 च्या डिसेंबरात इथंच कोचीत मेला अन् याच चर्चमध्ये त्याले पुरलं. पण पुढं त्याची हाडं पोर्तुगालले नेली, आता राहिला तो नुसता दगड, भोवती कठडा, अन् लोक त्या रिकाम्या जागेसोबत सेल्फी काढून राहिले. मले तं त्या दगडापेक्षा छताचा पंखा आवडला. वर आडवे लांब दांडे टांगलेले, त्याले कापडाची झालर, दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या, अन् बाहेर बसून माणसानं त्या ओढाच्या. आत साहेबाले प्रार्थना करताना हवा लागे, ओढणारा घामात. मी धा मिनिट तेच पाहत उभा होतो.

बाकी आत काही म्हणजे काही नाही. 1663 मध्ये डच लोकायनं कोची घेतली, ते प्रोटेस्टंट, म्हणजे चर्चमध्ये मूर्ती न ठेवणारे ख्रिस्ती, त्यायनं गावातली बहुतेक कॅथलिक चर्च पाडली अन् हे स्वतःच्या प्रार्थनेसाठी ठेवलं, पुढं ते इंग्रजायकडं गेलं, म्हणून मूर्ती नाही, चित्र नाही, साध्या भिंती अन् बाकडे. त्या भिंतीत मात्र जुन्या थडग्यायचे दगड लावले आहेत, वाचाची आवड असन तं तिथं बराच वेळ जाते. आईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं अन् हळूच विचारलं, "देव कुठी आहे रे?"

तिथून धा मिनिटं पायी सांताक्रूझ बॅसिलिका. हे एकदम उलटं. दोन उंच पांढरे मनोरे लांबूनच दिसतात, आत गेलं की मान वरच राहते, छतभर चित्रं, खांब रंगवलेले, रंगीत काचा. मूळचं पोर्तुगीजायचंच, पण डच लोकायनं त्याचं हत्याराचं गोडाऊन केलं अन् 1795 मध्ये इंग्रजायनं ते पाडूनच टाकलं, जुन्याचा एक दगडी खांब आवारात आहे. आताचं चर्च 1905 चं, म्हणजे वयानं फ्रान्सिसच्या पुढं लेकरूच. चित्रं अंतोनियो मोस्केनी नावाच्या इटलीच्या, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातल्या चित्रकाराची, अन् तो बिचारा त्याच नोव्हेंबरात, चर्च सुरू व्हाच्या काही दिवस आधी वारला. पोरायले घेऊन जात असान तं इथंच न्या, फ्रान्सिसमध्ये पाच मिनिटांत "चला ना पप्पा" सुरू होते. अन् दोन्ही पाह्याचे असले तं आधी फ्रान्सिस, मग हे. उलटं केलं की फ्रान्सिस धान्याच्या गोदामासारखं दिसते, खरं सांगतो. रविवारी सकाळी मात्र प्रार्थना असते, तेव्हा फिराले जाऊ नका.

आता तिसरं, जे माह्या यादीत नव्हतंच. वल्लारपाडम. हे फोर्ट कोचीत नाही, एर्नाकुलमकडच्या बेटावर आहे, आता पूल झाल्यामुळे गाडी थेट जाते. बिल्डिंग म्हणून पाह्यची तं सांताक्रूझपुढं काही नाही. पण 1676 मध्ये हे चर्च नव्यानं बांधलं तेव्हा जागा दिली ती पालियत्त अच्चन, म्हणजे कोचीच्या राजाचा दिवाण, हिंदू माणूस. अन् गोष्ट सांगतात ती 1752 ची, मीनाक्षी अम्मा नावाची नायर बाई लेकरासोबत नावेत होती, वादळात नाव बुडाली, अन् तिसऱ्या दिवशी मायलेक जाळ्यात जिवंत सापडले. तिनं मग जन्मभर चर्चचं अंगण झाडलं. वेदीवरच्या चित्रात मेरीच्या पायाशी ते दोघं मायलेकही आहेत, अन् लोक आजही नवस फेडाले अंगण झाडतात. आमच्या आईनं ऐकलं, पदर खोचला, खराटा घेतला अन् झाडाले लागली, गाडगेबाबाच्या मुलखातली बाई, तिले काय शिकवा लागते? मी टॅक्सीवाल्याले अर्धा तास थांबवून ठेवलं.

तं भावाले म्हटलं, इतिहासाचं वेड असन तं फ्रान्सिस, पोरं सोबत असन तं सांताक्रूझ, मामी येऊन राहिली असन तं एर्नाकुलमले परतताना वल्लारपाडम चुकवू नको, अन् छत्री ठेवजो, तिकडं दिवाळीच्या आगेमागेही पाऊस येते. मामी बाजूलेच होती, फोन स्पीकरवर. तिनं फ्रान्सिस, सांताक्रूझ काही विचारलं नाही.

"खराटा घरून न्या लागते का रे?"