गुलाबी अँटीफ्रीझ: कॅम्परव्हॅनसाठी उत्तम, बोटीसाठी सशर्त, घरासाठी बेताने

ऑक्टोबर लागला की कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील कॅनेडियन टायर, होम डेपो आणि वॉलमार्ट या दुकानांत गुलाबी अँटीफ्रीझच्या, म्हणजे थंडीत नळ फुटू नयेत म्हणून त्यांत भरायच्या द्रवाच्या, डब्यांची रास लागते. डबा ३.७८ लिटरचा, म्हणजे एका अमेरिकी गॅलनचा असतो, किंमत दहा डॉलरच्या आसपास असते आणि वर ठळक आकडा असतो: उणे ५०. कॅम्परव्हॅन, बोट आणि कॉटेज या तिन्हींसाठी हेच चालते असे बहुतेक डब्यांवर एकाच ओळीत छापलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गेल्या काही हिवाळ्यांत हा द्रव तिन्ही ठिकाणी वापरून आणि वापरला जाताना पाहून माझे मत असे झाले आहे की आपण नळांतून आणि यंत्रांतून पाणी जितके आधी काढून टाकू, तितकेच हे उत्पादन उपयोगी पडते. पाणी काढण्याचे काम टाळण्यासाठी ते विकत घेणाऱ्याला मात्र ते हमखास दगा देईल.

प्रथम डब्यात काय असते ते पाहू. चांगल्या डब्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, पाणी, गंजरोधक द्रव्ये आणि गुलाबी रंग असतो. ग्लायकॉल हे नाव महाराष्ट्रात चांगल्या आठवणीचे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून डायइथिलीन ग्लायकॉल पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या नळांत ग्लायकॉल भरायचे म्हटल्यावर घरातील वडीलधारी मंडळी दचकतात, हे स्वाभाविक आहे. प्रोपिलीन ग्लायकॉल मात्र वेगळे रसायन आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन ते खाद्यपदार्थांत वापरण्यास सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये सर्रास वापरले जाणारे इथिलीन ग्लायकॉल मात्र खरोखर विषारी आहे. ते चवीला गोड असल्यामुळे कुत्री ते चाटतात, आणि शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून मोटारीसाठीचा डबा, तो कितीही हाताशी असला, तरी पाण्याच्या नळांत, कमोडमध्ये किंवा सिंकमध्ये कधीही ओतू नये. गुलाबी द्रवही पिण्यासाठी नाहीच, आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी डबा उघडा ठेवू नये, कारण प्रोपिलीन ग्लायकॉलने मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना इजा होते.

आता त्या ‘उणे ५०’विषयी. अमेरिकेतून आलेल्या डब्यावर हा आकडा फॅरनहाइटमध्ये असतो, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये सुमारे उणे ४६, तेव्हा विकत घेताना आकड्यापुढचे एकक वाचावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा आकडा द्रव गोठण्याचा नसून नळ फुटण्याचा आहे. या प्रतीच्या द्रवात साधारण उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपासच बर्फाचे कण दिसू लागतात. मात्र त्यात गोठते ते केवळ पाणी. ते जसजसे बाजूला होते तसतसे उरलेल्या द्रवातील ग्लायकॉलचे प्रमाण वाढत जाते आणि तो आणखी खालच्या तापमानापर्यंत पातळ राहतो. परिणामी नळात दगडासारखा बर्फ न होता चुऱ्याचा लगदा होतो आणि तो जिथे जागा मिळेल तिथे सरकतो. साधे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि नळ पुष्कळदा बर्फाच्या जागी न फुटता बर्फ आणि बंद तोटी यांच्या मधे कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने फुटतो. लगदा सरकत असल्यामुळे तो दाब तयार होत नाही. डब्यावरची हमी आहे ती एवढीच, आणि ती तांब्याच्या नळांना धरून दिलेली असते. प्लास्टिकच्या नळांसाठी डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचावा. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते: कडाक्याच्या थंडीत, आत लगदा झालेला असताना, पंप सुरू करून पाहू नये.

ही सगळी किमया ग्लायकॉलच्या प्रमाणावर उभी आहे. नळांत आधीचे पाणी राहिले आणि त्यात हा द्रव निम्म्याने मिसळला, तर ऑन्टारिओच्या हिवाळ्यापुढे तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो, आणि दिसायला गुलाबीच दिसत असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. खात्री करायची असेल तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून द्रवातील ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणारे उपकरण, घ्यावा. बॅटरीच्या आम्लासाठी असतो तसा घनता मोजणारा तरंगता मापक येथे भरवशाचा नाही, कारण प्रोपिलीन ग्लायकॉलची घनता प्रमाणाबरोबर सरळ वाढत जात नाही. आपण मराठी माणसे दिवसातून दोन तास येणारे पाणी भरून ठेवत वाढलो, टाकी भरलेली असली की आपल्याला निर्धास्त वाटते. येथे ऑक्टोबरमध्ये नेमके उलटे करावे लागते, आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना ते मनापासून पटायला वेळ लागतो, असे मी पाहिले आहे.

कॅम्परव्हॅनसाठी हे उत्पादन मला सर्वांत समाधानकारक वाटते, कारण तेथे त्याचा रंग खरी साक्ष देतो. स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करावी, तळाच्या तोट्या उघडाव्यात, पाण्याचा हीटर बंद करून पूर्ण थंड झाल्यावर त्याचा निचरा करावा, आणि पाण्याचा फिल्टर काढून घ्यावा. कॉम्प्रेसर असेल तर नळांतून हवा मारावी, पण दाब ४० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) खाली ठेवावा, नाहीतर सांधे सुटतात. त्यानंतर पंपाच्या तोंडाशी एक छोटी नळी जोडून तिचे टोक थेट डब्यात सोडावे. पंपापासून सर्वांत जवळच्या तोटीपासून सुरुवात करून प्रत्येक तोटीची गरम आणि थंड अशा दोन्ही बाजू, एकेक करून, गडद गुलाबी रंग येईपर्यंत उघडाव्यात. फिका गुलाबी रंग म्हणजे पाणी मिसळलेले आहे, तेव्हा आणखी वाहू द्यावे. कमोडचा फ्लश आणि बाहेरचा शॉवर हमखास विसरला जातो. मागच्या दाराआड असलेला हा शॉवर मला अनेकांच्या गाड्यांत फुटलेला दिसला आहे.

यात एक झडप फार पैसे वाचवते. हीटरला वळसा घालणारी बायपास झडप फिरवली नाही, तर हीटरची ६ गॅलनची टाकी आधी भरल्याशिवाय गरम पाण्याच्या तोटीला गुलाबी थेंबही येत नाही, म्हणजे ६ डबे विनाकारण खर्ची पडतात. झडप फिरवली की लहान व्हॅनचे काम २ ते ३ डब्यांत होते. ज्या जुन्या गाड्यांत ही झडप नाही, त्यांच्या मालकांनी ती आधी बसवून घ्यावी. शेवटी सिंकच्या आणि शॉवरच्या खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या नळीत, अर्धा-अर्धा लिटर ओतावे.

बोटीच्या बाबतीत माझे मत बरेच सावध आहे. सिम्को सरोवरावर उन्हाळ्यात चालणाऱ्या पुष्कळ बोटींना मागे लटकणारे आउटबोर्ड इंजिन असते. त्याला या द्रवाची गरजच नसते, कारण इंजिन पाण्याबाहेर काढून उभे ठेवले की आतले पाणी आपोआप खाली उतरते. त्याऐवजी गिअरचे तेल सोडून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, आणि हिवाळ्याआधी सील बदलून नवे तेल भरले नाही तर तेच पाणी गोठून गिअरची पेटी तडकू शकते. आउटबोर्डवाल्यांनी गुलाबी डब्यांवर खर्च करू नये. तो तेलावर आणि पेट्रोल खराब होऊ न देणाऱ्या स्टॅबिलायझरवर करावा.

खरा धोका आहे तो बोटीच्या आत बसवलेल्या, सरोवराचेच पाणी ओढून थंड होणाऱ्या इंजिनाला. त्याचा बिडाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, एका थंड रात्रीत तडकू शकतो, आणि मग इंजिन बदलण्यावाचून बहुधा उपाय राहत नाही. बरेच जण पाण्याच्या तोंडाला रबरी कप लावून, इंजिन सुरू करून गुलाबी द्रव ओढू देतात आणि एक्झॉस्टमधून गुलाबी धार आली की काम झाले असे समजतात. ही धार फसवी असते. इंजिन पुरेसे तापलेले नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावरच उघडणारी झडप, बंद असतो आणि द्रव ब्लॉकमध्ये न शिरता बाहेरच्या वाटेने निघून जातो, ब्लॉकमध्ये मात्र सरोवराचे पाणी तसेच राहते. तोटीपाशी रंगाने दिलेली साक्ष खरी असते, ती येथे खरी धरता येत नाही.

म्हणून इंजिनात द्रव भरण्यापूर्वी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातील धूर बाहेर नेणाऱ्या भागाचे) निचऱ्याचे स्क्रू काढावेत, आणि धार आली नाही तर आत पाणी नाही असे न मानता छिद्रात तार घालून पाहावे, कारण गंजाचा आणि वाळूचा गाळ छिद्र बुजवून टाकतो. तार घातल्यावर जेव्हा तांबूस पाणी भळभळ बाहेर येते, तेव्हा ब्लॉक कशाने तडकतात ते कळते. खालचे होज सोडून तेही रिकामे करावेत, आणि मग होजमधून थेट ब्लॉकमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये द्रव ओतावा. इंजिनासाठी मी ‘उणे १००’ प्रतीचा, गंजरोधक असलेला द्रव घेण्याचा सल्ला देईन, कारण थोडे पाणी राहिले तरी त्यात ग्लायकॉलचा पुरेसा साठा असतो. ज्यांना हे स्क्रू कुठे आहेत ते माहीत नाही, त्यांनी मरीनाच्या, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरच्या, मेकॅनिककडून एकदा समोर उभे राहून काम करून घ्यावे आणि पाहून घ्यावे. त्याची मजुरी डब्यांहून कितीतरी जास्त असली, तरी नव्या इंजिनापुढे ती काहीच नाही.

घराबाबत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. मस्कोका किंवा कावार्था या सरोवरांच्या भागातले सुट्टीचे कॉटेज हिवाळाभर पूर्ण बंद ठेवायचे असेल, तर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या आसपास, ते बंद करण्याची येथे रीत आहे. पंप बंद करावा, दाबाची टाकी आणि सगळे नळ रिकामे करावेत, हीटरची वीज आधी तोडून मगच त्याचा निचरा करावा, कारण रिकाम्या टाकीत विजेचे एलिमेंट जळते. नळ पूर्ण रिकामे झाले तर त्यांत गुलाबी द्रव भरण्याचे कारण नाही. तो लागतो ट्रॅपमध्ये, कमोडमध्ये, वॉशिंग मशीनच्या आणि डिशवॉशरच्या पंपात. ट्रॅप रिकामा ठेवता येत नाही, कारण त्यातील द्रवच सेप्टिक टाकीचा वायू घरात येण्यापासून अडवतो, आणि तेथे पाणी ठेवले तर ते गोठते. या एका जागी गुलाबी अँटीफ्रीझला मला दुसरा पर्याय दिसत नाही.

राहते, तापवलेले घर ही दुसरी गोष्ट, आणि येथे हा डबा घेऊ नये असेच मी सांगेन. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातील कितीतरी मराठी कुटुंबे डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात जातात आणि निघताना खर्च वाचवण्यासाठी घर तापवणारी भट्टी बंद करण्याचा विचार करतात. तो कृपया करू नये. भट्टी किमान १२-१३ अंशांवर चालू ठेवावी, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, घरात शिरणाऱ्या पाण्याची मुख्य झडप बंद करावी, आणि वरच्या व खालच्या मजल्यावरच्या तोट्या उघडून दाब काढून टाकावा. बाहेरच्या बागेच्या नळाची आतली झडप बंद करून त्याचा निचरा तर ऑक्टोबरमध्येच व्हायला हवा. अनेक गृहविमा करारांत अशी अट असते की हिवाळ्यात घर काही दिवस रिकामे राहणार असेल तर कोणीतरी नियमित पाहणी करावी किंवा पाणी बंद करून नळ रिकामे करावेत; विमानाचे तिकीट काढताना तो करारही काढून वाचावा आणि शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये वीज गेली आणि भट्ट्या थांबल्या, तेव्हा पोटमाळ्यातून आणि बाहेरच्या भिंतींतून गेलेले नळ असंख्य घरांत फुटले. वीज गेल्यावर कोणी लक्ष देणारे असणे येथेही तितकेच गरजेचे आहे.

खरेदी करताना घटकांची यादी वाचावी. स्वस्त डब्यांत ग्लायकॉलऐवजी पूर्णतः किंवा अंशतः इथेनॉल असते. त्याने रबरी वॉशर आणि सील सुकतात, वसंतात नळाला चव राहते, आणि ते ज्वलनशीलही असते. दोन-तीन डॉलरच्या बचतीसाठी ते घेणे मला पटत नाही. केवळ प्रोपिलीन ग्लायकॉल असलेला डबा घ्यावा आणि थंडीची पहिली लाट येण्याआधीच घ्यावा, कारण तेव्हा शेल्फ रिकामे होतात. उरलेला बंद डबा पुढच्या वर्षी चालतो.

मे महिन्यात व्हॅनची टाकी ताज्या पाण्याने भरून प्रत्येक तोटी रंग आणि फेस जाईपर्यंत वाहू द्यावी, मग क्लोरीनच्या सौम्य पाण्याने टाकी आणि नळ धुऊन पुन्हा स्वच्छ पाणी सोडावे, आणि हीटरची बायपास झडप मूळ जागी आणायला विसरू नये. बोटीचे इंजिन पहिल्यांदा घराच्या अंगणातच, खाली बादली ठेवून चालवावे. प्रोपिलीन ग्लायकॉल निसर्गात कुजते हे खरे, पण कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खाते, आणि धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात वसंतात मासे अंडी घालत असतात.