कोबेतील चर्चची बालवाडी : एका पालकाचा अभिप्राय

अमेरिकी मिशनरी ॲनी हाउ यांनी १८८९ मध्ये जपानमधील कोबे येथे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या, खेळातून शिकवण्याच्या पद्धतीची बालवाडी काढली. आमची मुलगी जाते ती याच शहरातील, चर्चने चालवलेली दुसरी एक लहानशी बालवाडी आहे. अक्षरे गिरवून घेण्याची घाई येथे नाही. ठोकळे, माती आणि गाणी यांतच सकाळ सरते, आणि दारात बूट काढून वर्गातले पांढरे बूट घालण्याची शिस्त तर तिने चार दिवसांतच उचलली (घरी चपला अजून वाटेतच पडलेल्या असतात). डब्याआधी मुले हात जोडून प्रार्थना म्हणतात, तेव्हा पंगतीतला श्लोक आठवतो. मात्र आमच्या देवघराबद्दल बाईंनी कधी अवघड प्रश्न केला नाही, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

ऑक्टोबर २०१९ पासून अशा खासगी बालवाडीच्या शुल्कापैकी दरमहा २५,७०० येनपर्यंतचा भार सरकार उचलते, तरी गणवेश आणि बसचा खर्च वेगळाच. खरी तक्रार सूचनापत्रांची: ती केवळ जपानीत येतात, आणि त्यापायी नाताळच्या नाटुकलीत आमची मेंढी कानांविनाच उभी राहिली.