फेल्युअरपर्यंत ट्रेनिंग करताय? मग शोल्डरला लॅटरल रेज मशीनच घ्या

हाय इंटेन्सिटी म्हणजे माझ्या लेखी एकच सेट, फारतर दोन, पण तो असा की शेवटचा रेप (म्हणजे एक आवर्तन) नीट फॉर्ममध्ये वर जातच नाही, यालाच फेल्युअर म्हणायचं. आता दहा-बारा सेट मारणाऱ्याचं कुठल्याही व्यायामावर भागतं, एक सेट फसला तर पुढचा असतोच, आपलं तसं नसतं ना, त्यामुळे कुठला व्यायाम घ्यायचा यातच निम्मा खेळ आहे. त्यात शोल्डर हा सगळ्यात किचकट भाग, सांधा जितका मोकळा फिरतो तितकाच लवकर कुरकुरतो. तर बसून करायच्या लॅटरल रेज मशीनबद्दल लिहितोय, तीच ती, दंडाला बाहेरून पॅड टेकतात आणि कोपरं बाजूने वर न्यायची.

पहिलं म्हणजे डंबेलमध्ये काय होतं ते बघा. हात खाली लोंबकळत असतो तेव्हा साइड डेल्टवर, म्हणजे खांद्याच्या बाजूच्या मसलवर, जवळपास काहीच लोड नसतो, आणि हात जमिनीला समांतर आला की सगळा भार एकदम अंगावर, म्हणजे जिथे मसल सगळ्यात कमजोर नेमका तिथेच जास्त लोड. मग होतं काय की सेटच्या शेवटी वरचा थोडासा भाग जमत नाही म्हणून माणूस कमरेतून झोका द्यायला लागतो, ट्रॅप्स, म्हणजे मान आणि खांद्यामधले मसल, कानापर्यंत चढतात आणि आपण समजतो शोल्डर पेटला. चांगल्या मशीनमध्ये कॅम असतो, म्हणजे पुलीच्या जागी गोल नसलेली चकती, तिच्यामुळे लोड खालपासून वरपर्यंत बऱ्यापैकी वाटला जातो. आर्थर जोन्सने १९७० च्या सुमारास आपल्या नॉटिलस कंपनीच्या मशीन्स आणल्या त्या याच कल्पनेवर, आणि त्यांची डबल शोल्डर मशीन तर भन्नाटच, आधी साइड रेज फेल्युअरपर्यंत आणि मग त्याच सीटवर लगेच ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलायचं), म्हणजे साइड डेल्ट आधीच दमलेले असतात आणि प्रेसमध्ये ट्रायसेप्स, म्हणजे दंडामागचे मसल, त्यांना अजून ढकलतात.

दुसरा फायदा, पॅड दंडावर असल्यामुळे ग्रिप आणि मनगट मध्ये येतच नाही. स्टॅकवरचा (मशीनमधल्या प्लेट्सच्या थप्पीवरचा) आकडा डंबेलपेक्षा बराच मोठा दिसतो, पण त्याने हुरळून जाऊ नका, लोड सांध्याच्या जवळ लागतो म्हणून तसं वाटतं, इतकंच. आणि फेल झालात तरी हातातून काही पडत नाही, शेवटचा रेप सावकाश खाली सोडा, पिन वर सरकवा, दम उरला असेल तर ड्रॉप सेट, म्हणजे वजन कमी करून लगेच पुढे चालू. पार्टनर नसेल तर याची किंमत कळते!

आता तक्रारी. सीट! मशीनचा जो फिरणारा बिंदू असतो तो खांद्याच्या सांध्याच्या रेषेत यायला पाहिजे, नाहीतर पॅड दंडावर घसरत राहतात आणि चामडी सोलते, आणि कमी उंचीच्या माणसाला बऱ्याच मशीन्समध्ये सीट सगळ्यात वर घेऊनही ते जमत नाही. एका मशीनवर तर मी खाली मॅट घडी करून बसायचो. दुसरं म्हणजे प्लेटमधली उडी, साइड डेल्ट छोटा मसल, त्याला एका झटक्यात पूर्ण प्लेट वाढवणं जड जातं, मध्ये लावायला छोटं जादा वजन असेल तरच प्रगती नीट होते. आणि केबल कोरडी असेल तर खाली येताना वजन हलकं लागतं, म्हणजे निगेटिव्हची, वजन सावकाश खाली सोडण्याची, मजाच गेली.

मिलिटरी प्रेस (उभ्याने बारबेल डोक्यावर ढकलणं) विसरायचा का असं कुणीतरी विचारणारच. नाही हो, पण छातीसाठी बेंच आणि इनक्लाइन प्रेस जोरात करत असाल तर फ्रंट डेल्टला, म्हणजे खांद्याच्या पुढच्या मसलला, आधीच भरपूर मिळतंय. उभ्याने बारबेल प्रेस करताना खांद्याआधी कंबर हार मानते आणि माणूस मागे झुकत जातो. (ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमधून प्रेस १९७२ नंतर काढून टाकला त्यामागे हे झुकणंच होतं, जज करणार तरी काय!) प्रेस हवाच असेल तर पाठीला टेकण असलेली मशीन किंवा स्मिथ (रुळांवर सरकणारा बार) घ्या, १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेला बॉडीबिल्डर डोरियन येट्सही स्मिथवर प्रेस करायचा. मानेमागून प्रेस आणि जवळच्या ग्रिपचा अपराइट रो (बार हनुवटीपर्यंत ओढायचा) मात्र फेल्युअरसाठी नकोच, दमल्यावर फॉर्म बिघडतो तेव्हा या दोन्हीत सांधा वाईट कोनात अडकतो.

रिअर डेल्टला, म्हणजे खांद्याच्या मागच्या मसलला, रिव्हर्स पेक डेक (मशीनकडे तोंड करून बसायचं आणि हात मागे उघडायचे), विषय संपला.

आणि लॅटरल रेज मशीन नसेलच तर केबलवर एका हाताने करा, पुली साधारण लोंबत्या हाताच्या मनगटाएवढ्या उंचीवर आणि जमलं तर मनगटाला पट्टा बांधून, खालच्या भागातलं टेन्शन डंबेलपेक्षा कितीतरी चांगलं मिळतं. फक्त कमजोर हात आधी घ्या, दुसऱ्या हाताच्या वेळी दम गेलेला असतो.