मनगटावरचा ईसीजी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

होल्टर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र, लावून चोवीस तास काढले, आणि नेमकं त्या चोवीस तासांत एकदाही छातीत फडफडलं नाही. त्याआधी दीड वर्ष हा त्रास चालू होता. कधी जेवणानंतर, कधी पहाटे, डाव्या बाजूला पाखरानं पंख झाडावेत तसं व्हायचं. वीस मिनिटं, कधी तासभर. रिक्षा करून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असायचं. ईसीजी काढला की नॉर्मल. एका ठिकाणी गॅस सांगितला, दुसऱ्या ठिकाणी "मनाला लावून घेऊ नका" म्हणाले. घरी परतताना मलाच अपराध्यासारखं वाटायचं.

माझं वय ६७. सांगलीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे. गेल्या वर्षी मुलानं ईसीजी काढता येणारं घड्याळ आणून दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते ईसीजीची सोय असलेल्या कुठल्याही घड्याळाला थोड्याफार फरकानं लागू पडतं. इथे घड्याळातल्या पावलांबद्दल, झोपेबद्दल किंवा फोनच्या मेसेजांबद्दल काही नाही. मी ते फक्त हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरते.

तिसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेतीनला जाग आली ती फडफडीनंच. दिवा न लावता उठून बसले, हात मांडीवर टेकवला आणि उजव्या हाताचं बोट घड्याळाच्या किल्लीवर ठेवलं. तीस सेकंद. ठोके १३८ आणि खाली शब्द आले : एट्रियल फिब्रिलेशन. यांना उठवलं. "अहो, सापडलं," एवढंच म्हणाले. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की मी खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिरजेला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. मी फोन पुढे करून घड्याळानं काय लिहिलंय ते वाचायला लागले, तर डॉक्टर म्हणाले, "ताई, घड्याळ काय म्हणतंय ते राहू दे. पट्टी दाखवा." पट्टीची, म्हणजे ईसीजीच्या आलेखाची, पीडीएफ मोठी करून त्यांनी दोन गोष्टी बोटानं दाखवल्या. प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटी टेकडी असायला हवी, ती पी-लहर कुठेच नव्हती. आणि दोन टोकांमधलं अंतर दर वेळी वेगळं होतं, त्यात कसलाच ताल नव्हता. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, साचलेलं रक्त गोठू शकतं, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट असतो असं त्यांनी सांगितलं. मग बारा लीडचा ईसीजी, इको आणि थायरॉइडची तपासणी झाली. वय आणि बीपी हे दोन्ही मुद्दे धरून रक्त पातळ करणारी अपिक्साबॅन दिवसातून दोनदा, आणि ठोके आवरायला एक गोळी सुरू झाली.

शिक्षिकेचा स्वभाव जात नाही, म्हणून हे घड्याळ करतं तरी काय ते समजून घेतलं. घड्याळात दोन वेगळी यंत्रं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. तळाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाश मनगटातल्या रक्ताची चढउतार मोजतो. ती नाडी असते, ईसीजी नव्हे. ईसीजी फक्त आपण दुसऱ्या हाताचं बोट टेकवल्यावरच निघतो, कारण त्याला डावा हात आणि उजवा हात असं विजेचं वर्तुळ पूर्ण व्हावं लागतं. शंभरेक वर्षांपूर्वी आइंटहोव्हेन रुग्णाचे हात मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून हाच आलेख घेत असत. त्याबद्दल त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. दवाखान्यात दहा वायरी लावून हृदय बारा बाजूंनी बघतात, घड्याळ एकाच बाजूनं बघतं. आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोचतोच असं नाही. त्यामुळे त्या वेळी हिरव्या प्रकाशानं मोजलेला आकडा खऱ्या ठोक्यांपेक्षा कमीही असू शकतो. माझ्याकडे एकदा मनगटावर ९६ दिसत होते आणि लगेच काढलेल्या ईसीजीत ११९.

आता रोजच्या वापराचं. पहिली अडचण बांगड्यांची. डाव्या हातात काचेच्या बांगड्या आणि घड्याळ एकत्र राहत नाहीत. घड्याळ खाली सरकतं, बांगड्या त्यावर आपटतात, पट्टीत नुसत्या रेघोट्या येतात. महिनाभर सगळं करून बघितलं, शेवटी घड्याळाच्या हातात एकच पाटली ठेवली आणि तीही कोपराकडे चढवून. दुसरं, ओले हात. भांडी घासून किंवा कणीक मळून तशीच बसले तर "नोंद नीट नाही" असं येतं. हात कोरडे करून, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून आणि न बोलता काढलेली पट्टीच डॉक्टरांच्या कामाची असते. पावसाळ्यात पट्ट्याखाली घाम साचून पुरळ आलं, म्हणून कापडी पट्टा घेतला आणि रोज तो धुते. चार्ज करायला आंघोळ आणि पूजा एवढा वेळ पुरतो. रात्री मात्र हातातच ठेवते, कारण माझा त्रास बहुतेक वेळा पहाटेचा.

दुसरा, तिसरा आणि चौथा महिना वाईट गेला, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण घड्याळ विकताना हे कुणी सांगत नाही. निदान झालं होतं, गोळ्या चालू होत्या, तरी हात सारखा किल्लीकडे जायचा. जिना चढले की पट्टी, फोनवर कुणाशी चढ्या आवाजात बोलले की पट्टी. पट्टी काढायच्या भीतीनंच ठोके वाढायचे, वाढले म्हणून पुन्हा पट्टी. एका एकादशीला मुलानं फोनमध्ये मोजलं तर दिवसभरात ३४ निघाल्या. त्यातल्या ३१ साफ नॉर्मल. ती नॉर्मल उत्तरं मला पाच मिनिटंही पुरत नव्हती. अमेरिकेतल्या एका सत्तर वर्षांच्या बाईंनी वर्षभरात ९१६ ईसीजी काढल्याची नोंद २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. ते वाचून मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

डॉक्टरांनी नियम घालून दिला. फडफड जाणवली तर एक पट्टी, ती थांबली असं वाटलं की दुसरी, आणि फडफड नसताना काहीही नाही. त्यांनी मला तीन बोटांनी नाडी धरायलाही शिकवली. डोळे मिटून मोजायची. नियमित नाडीवर पुढचा ठोका कधी येणार ते आपल्याला आधीच कळतं, आणि या आजारात ते कळत नाही. बोटांना हे आठ दिवसांत यायला लागलं. त्यानंतर घड्याळाची ओढ कमी झाली.

घड्याळानं लिहिलेला शब्द आणि पट्टी यांतला फरक मला तीनदा दिसला. एकदा ठोके १६२ वर गेले, तेव्हा घड्याळ फक्त "ठोके जास्त" म्हणालं, लयीबद्दल काहीच नाही, कारण ठरावीक वेगाच्या पुढे ते लय तपासतच नाही. डॉक्टरांनी पट्टी बघून एट्रियल फिब्रिलेशनच आहे असं सांगितलं. दोनदा "अनिर्णित" आलं आणि मी रात्रभर जागले. ते मधूनच येणारे जास्तीचे ठोके निघाले, बहुतेकांना येतात आणि माझ्या बाबतीत निरुपद्रवी. म्हणून मी आता शब्द न वाचता पीडीएफ जपून ठेवते, आणि त्यासोबत तारीख, वेळ, काय करत होते, किती वेळ टिकलं ते एका वहीत लिहिते. तपासणीच्या दिवशी डॉक्टर वही आधी बघतात.

एक प्रसंग सांगायलाच हवा. आमच्या शेजारच्या काकांना नवरात्रात संध्याकाळी छातीत दाब आणि घाम आला. त्यांची सून धावत आली, "काकू, तुमचं घड्याळ द्या ना, लावून बघू." मी दिलं, आणि याबद्दल माझं मला अजून वाईट वाटतं. पट्टी आली : लय नियमित, ठोके ८४. घरात सगळ्यांचा जीव खाली पडला, कुणी सोडा आणायला निघालं. मी तेव्हा ओरडूनच सांगितलं की हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही, १०८ ला फोन करा. दवाखान्यात बारा लीडचा ईसीजी काढल्यावर अटॅकच निघाला, त्याच रात्री स्टेंट बसला. काका आज फिरायला येतात. पण त्या "लय नियमित"नं दहा मिनिटं घालवली. छातीत दाब असेल, हात किंवा जबडा दुखत असेल, घाम फुटला असेल, तर घड्याळ कुणाच्या हाताला लावूच नका. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तरी तेच. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

गोळीबद्दलही माझी एक चूक झाली. दोन महिने घड्याळानं काहीच पकडलं नाही, तेव्हा वाटलं, आता रक्त पातळ करायची गोळी कशाला, हिरड्यांतून रक्त येतंय. डॉक्टर कधी नव्हे ते रागावले. घड्याळ सतत पहारा देत नाही. आपण स्थिर असतो तेव्हा मधूनमधून तपासतं. ते गप्प आहे म्हणजे आजार नाही असं होत नाही, आणि गोळी ठोक्यांवर ठरत नाही, वय आणि बीपी यांच्यावर ठरते. आता सकाळी आठ आणि रात्री आठची आठवण याच घड्याळात लावली आहे, आणि खरं सांगायचं तर चौदा महिन्यांतला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला तोच वाटतो. निदान झाल्यावर "अनियमित ठोके आढळले" ही सूचना आमच्यासाठी नसते, ती अजून निदान न झालेल्यांसाठी असते. त्याऐवजी आठवड्याचे किती टक्के तास लय बिघडलेली होती याचा अंदाज देणारी सोय चालू करायची. त्यासाठी आठवड्यातले निदान पाच दिवस रोज बारा तास घड्याळ हातात हवं. ती शून्य कधीच दाखवत नाही, "२ टक्के किंवा कमी" असंच लिहिते. पहिल्यांदा ते बघून मी घाबरले होते.

"आम्हीही घ्यावं का?" असं भिशीतल्या मैत्रिणी विचारतात. ॲपल वॉचवर स्टॅनफर्डनं केलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,१९,२९७ माणसं होती आणि अनियमित नाडीची सूचना फक्त ०.५२ टक्के लोकांना आली, पासष्टीच्या पुढच्यांत सुमारे ३ टक्के. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ठोक्यांची नोंद ठेवणारा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांना तेव्हा हा आजार दिसला. बाकीचे सगळे खोटे इशारे होते असं नाही, कारण हा आजार येतो आणि जातो, माझ्या होल्टरसारखा. पण तिशीतल्या धडधाकट मुलानं यासाठी पैसे घालावेत असं मला वाटत नाही. ज्यांना फडफड होते आणि दवाखान्यात सापडत नाही, ज्यांचं वय साठीपुढे आहे आणि बीपी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावं. घेताना ईसीजी आहे का ते खात्रीनं विचारा. ॲपलच्याच एसई मॉडेलमध्ये ईसीजी नाही. दोन-तीन हजारांच्या घड्याळात नाडीचा आकडा दिसतो, तो या कामाचा नाही.

गेल्या मंगळवारी पहाटे पुन्हा फडफडलं. नाडी धरली, ताल नव्हता. एक पट्टी काढली, पाणी प्यायले आणि उशीला टेकून बसले. यांना उठवलं नाही. बावीस मिनिटांनी नाडी बोटांखाली सरळ चालायला लागली. दुसरी पट्टी काढली, वहीत वेळ लिहिली, आणि सकाळी दोन्ही पट्ट्या मिरजेला पाठवल्या. डॉक्टरांचं उत्तर आलं : "पाहिल्या. गोळी तीच. पुढच्या भेटीला वही आणा."