हार्लेक्विनचा थरार: ‘इंट्रीग’ की ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’?

हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनसंस्थेच्या या दोन थरारक मालिका: ‘इंट्रीग’ १९८४ची, ख्रिस्ती वाचकांसाठीची ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ २००५ची. खून, पाठलाग, जिवावर बेतलेलं प्रेम दोन्हीकडे. पण दुसरीत शिवीगाळ नाही, शय्यागृहाचं दार बंद. आजीचं पुस्तक नातीला बिनधास्त द्यावं. मग सगळी ओढ जखमेवर पट्टी बांधताना थरथरणाऱ्या बोटांत उतरवावी लागते, आणि मला तेच फार भावतं. खटकतं ते वेगळं: मारेकरी दाराशी असताना नायिका पानभर प्रार्थना करते आणि थरार निवतो. देवावर रुसलेला नायक शेवटी परतणार, हेही आधीच कळतं. वेगात ‘इंट्रीग’ सरस, यात वाद नाही. पण भीतीने घसा कोरडा पडल्यावर माणूस कुणाला हाक मारतो, हे तिथे क्वचितच येतं. मी तर त्यासाठीच दुसरी उचलते.